नेट गेलं की आबा विचारायचे

माझा राग आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला बरं. एकट्या माणसानं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ. समोर दुसरा गडी नाही, पैज नाही, काही नाही. तरी तो सुरू करायला इंटरनेट लागतं. का, तर कुठल्या तरी देशात त्या कंपनीचा सर्व्हर आहे आणि त्याला आधी विचारावं लागतं, की बाबा रे, मी खेळायला बसतोय, बसू का? तो हो म्हणाला तर खेळा, नाहीतर बसा हात चोळत. लहानपणी आम्ही कॅरम मांडायचो तेव्हा तो बनवणाऱ्या सुताराला विचारायला गेलो नव्हतो. हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा बोललेय की आता मी तोंड उघडलं की बाकीच्या बाया डबे उघडतात.

पण खरं सांगायचं तर कॉम्प्युटरच्या खेळाशी माझं कधी काही देणंघेणं नव्हतं. आजही मला खेळता येत नाही. माझा संबंध आला तो आबांमुळं.

आबा म्हणजे माझे वडील. सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. डोंगरातल्या रस्त्यांवर मोठे ट्रक चालवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गावी आल्यावर त्यांनी ऊस केला आणि एक जुनी डिझेल जीप घेतली. मला गाडी शिकवली ती तिच्यावरच. आमचं गाव पलूसपासून जवळ. मी प्राथमिक शाळेत शिकवते. नवऱ्याचं काम सांगलीत, पण माझी बदली झाली नेमकी माहेरच्या शेजारच्या गावात, म्हणून शाळेचे दिवस मी माहेरी काढते आणि सुट्टीला सांगलीला जाते. धाकटा भाऊ आबांसारखाच सैन्यात, लांब सरहद्दीवर. त्यामुळं घरात आबा, आई आणि मी, एवढेच.

श्रावणात एका सकाळी आबा म्हशीची धार काढताना कलंडले. डावी बाजू गेली होती. सांगलीच्या दवाखान्यात पंधरा-वीस दिवस काढले. सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, हात व्यायामानं बराचसा येईल. चालतीलही, पाय थोडा ओढतील. पण त्या पायाची जाणीव काही परत येईल असं दिसत नाही. क्लच दाबलाय का सुटलाय हे त्यांच्या पायाला कळायचं नाही. "गाडीचं विसरा," असं ते म्हणाले. मग आपलं काम संपल्यासारखं त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी हे आईला सांगितलं. रात्री फोनवर भावाला सांगितलं. तिघांनी मिळून ठरवलं, की आत्ता नको सांगायला. जरा सावरू देत. त्या 'जरा'ची मुदत काही आम्ही ठरवली नाही.

आबांनी विचारलं ते घरी येताना गाडीतच. "गाडीचं काय म्हणला डॉक्टर?"

"बघू म्हणाले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आठ दिवसांनी परत तेच. "गाडीचं काय म्हणला?" बघू म्हणाले, आबा. त्यांच्या डोक्यात एकच होतं. आमची देवी औंधाची यमाई. बरं झाल्यावर तिला नैवेद्य न्यायचा होता, आणि तो नेणार ते स्वतः गाडी चालवत. "दुसऱ्याच्या शेजारी बसून न्हाई जायाचो म्या. पोत्यागत." असं म्हणून ते अंगणात काठी टेकत जीपभोवती एक फेरी मारायचे, टायरावर काठीनं ठोकून बघायचे. आई आत निघून जायची.

दिवाळीला भाऊ सुट्टीवर आला. त्याचा कॉम्प्युटर घरी होताच, तो कॉलेजात असताना घेतलेला. त्यानं एक स्टिअरिंग मागवलं, खेळण्यातलं, पण चांगलं जड, टेबलाला स्क्रूनं आवळायचं. त्याबरोबर खाली दोन पेडल. एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक. सगळं पुढच्या सोप्यात मांडलं आणि ट्रक चालवायचा एक खेळ चालू करून दिला. माल भरायचा, शंभर मैलांवर नेऊन उतरवायचा, परत दुसरा भरायचा. बस्स.

"ह्ये काय? पोरांचं खेळणं?" आबा म्हणाले.

"बसून तर बघा," भाऊ म्हणाला. "हाताला व्यायाम हुतोय."

आबा बसले. डावा हात स्टिअरिंगवर राहीना, घसरून मांडीवर पडायचा. आईनं तिचा रुमाल आणला आणि त्यांची बोटं स्टिअरिंगला बांधून टाकली. पहिल्या अर्ध्या तासात ट्रक चार वेळा शेतात गेला. मग आबा गप्प झाले, पुढं सरकून बसले, आणि जेवायला हाक मारली तर "थांब जरा, घाट हाय" म्हणाले. जेवताना त्या खेळाला नावं ठेवायला लागले. वळणाला एवढ्या वेगानं गाडी बसती काय? भरल्या गाडीला उतरणीला असा ब्रेक मारतात व्हय? ह्याला गिअर आपोआप पडत्यात, ह्यो कसला ड्रायव्हर! माझ्या लक्षात आलं, की श्रावणापासून पहिल्यांदा ते दुखण्याशिवाय दुसऱ्या कशावर तरी बोलत होते.

तीन आठवड्यांनी रुमाल सुटला. बोटं आपली आपण धरायला लागली. आई सकाळी चहा आणून टेबलावर ठेवायची, आबा स्टिअरिंग न सोडता "ठेव तितं" म्हणायचे. मीही शाळेतून आले की पाच मिनिटं मागं उभी राहायची. कुठल्या तरी परदेशातला रस्ता, बाजूला बर्फ, आणि आमचे आबा बंडी घालून माल पोहोचवतायत. आणि त्यांनी विचारायचं थांबवलं. कार्तिक गेला, एकदाही 'डॉक्टर काय म्हणला' नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते आपोआप विसरतील, असं मी स्वतःला सांगत होते. मुलांना इतकी वर्षं शिकवते मी, माणूस काय विसरतो आणि काय विसरत नाही हे मला कळायला हवं होतं. पण सोयीचं असलं की कळत नाही.

मग उसाचा सीझन लागला.

आमच्या भागात इंटरनेटची वायर खांबाखांबावरून येते आणि रस्ता ओलांडून घरात शिरते. आणि त्याच रस्त्यानं कारखान्याला ऊस जातो. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीत ऊस असा रचलेला, की पहिल्या मजल्याच्या खिडकीतून हात लावावा. ती ट्रॉली वायरीखालून जाते, वरचा ऊस वायरीत अडकतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला पुढं गाणी लागलेली असल्यानं काही कळत नाही. तो जातो. वायर जाते.

पहिल्यांदा गेली तेव्हा आबांनी जवळजवळ सगळी सकाळ घालवून एक लांबचा माल आणत आणला होता. शेवटचं वळण राहिलं होतं. स्क्रीनवर एक पाटी आली आणि ट्रक, रस्ता, बर्फ, सगळं नाहीसं. "ये क्या तमाशा है!" आबा ओरडले. संतापले की ते अजून हिंदीत शिरतात. शनिवारची सकाळची शाळा करून मी नुकतीच आले होते. धावत गेले आणि पाटी वाचली. सर्व्हरशी संपर्क तुटला आहे, कृपया आपलं इंटरनेट तपासा.

"म्हंजी?"

"म्हणजे नेट गेलंय."

"गेलं तर गेलं. गाडी माझी, रस्ता माझा, डिझेल भरलेलं. तेला नेट कशाला?"

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्यो गेमच तसा हाय. एकट्यानं खेळला तरी ऑनलाइनच लागतंय. मधनंमधनं सर्व्हरला इचारतंय ते."

"काय विचारतंय?"

"ह्योच माणूस हाय का, गेम इकत घेतलेला हाय का, असलं."

"अरे, विकत घेतलाय की! रोज उठून काय सिद्ध करायचं?"

"माझ्यावर का वरडायलीस? म्या काय काढलाय व्हय गेम?"

गंमत म्हणजे आबांना ते माझ्यापेक्षा लवकर पटलं. म्हणाले, "मूव्हमेंट ऑर्डर. आमच्यातबी तसंच हुतं. गाडी तयार, ड्रायव्हर तयार, पर कागद आल्याबिगर गेटातनं चाक हलत न्हाई." मला नाही पटलं. सैन्यात ठीक आहे, तिथं लढाई असते. इथं एक म्हातारा माणूस सोप्यात बसून खोटे बटाटे पोहोचवतोय, त्याला कसली ऑर्डर? आणि सकाळभर केलेला प्रवास मोजलासुद्धा नाही. माल पोहोचला नाही, असंच त्या सर्व्हरच्या वहीत राहिलं.

त्या दिवशी जेवताना आबांनी भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "गाडीचं काय म्हणला हुता डॉक्टर?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "बघू म्हणाले," मी म्हटलं.

तेव्हापासून माझं वैरच सुरू झालं. नेट गेलं की आबा विचारायचे. नेट असलं की नाही. इतकं सरळ गणित होतं. आणि सीझनमध्ये नेट आठवड्यातून एकदा जायचंच, कधी दोनदा.

मी काय काय केलं ते सांगते. आधी भावाला म्हटलं, बिगर-नेटचा ट्रकचा खेळ शोध. त्यानं एक जुना शोधला, घालून दिला. आबांनी दहा मिनिटं बघितलं आणि उठले. "माझी सगळी सर्व्हिस तिकडं हाय," म्हणाले. त्यांनी कमावलेले ट्रक, केलेले मैल, ते सगळं त्या पहिल्या खेळात, त्या सर्व्हरवर. इकडं परत रिक्रूट म्हणून भरती व्हायची त्यांची तयारी नव्हती. मग मी माझ्या मोबाइलवरून नेट देऊन बघितलं. आमच्या सोप्यात रेंजची एकच दांडी येते, तीही दाराच्या चौकटीत मोबाइल धरला तर. मी चौकटीत उभी, आबा स्टिअरिंगवर तयार, आणि स्क्रीनवर काय आलं? नवीन अपडेट आलंय, आधी ते उतरवून घ्या. ते एवढं मोठं की माझ्या मोबाइलचं त्या दिवसाचं नेट वीस मिनिटांत संपलं आणि अपडेटची पट्टी नखभर सरकली. ऊस तोडायचा सोडून कोयत्याला धार लावत बसल्यासारखं ते. मी मोबाइल खाटेवर आदळला. आई म्हणाली, "आगं, तेचा काय दोष?"

कंपनीला इंग्रजीतून पत्र लिहिलं. चांगलं, व्याकरणशुद्ध. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, म्हणजे कुणी वाचलेलंच नव्हतं. आपलं इंटरनेट तपासून पाहावं, असं त्यात होतं.

मग राहिला वायफायवाला. बिचारा सकाळपासून शिडी घेऊन गावभर फिरत असायचा. तुटलेली वायर सांधायचं मशीन त्याच्याकडं नव्हतं, ते पलूसवरून यायचं, आणि सीझनमध्ये त्या मशीनला सगळीकडून बोलावणं. मी त्याला दर वेळी फैलावर घ्यायची. एकदा तो शिडीवरूनच म्हणाला, "मॅडम, सीझन संपूस्तवर असंच हाय. ऊस तुमचाच, ट्रॉल्या तुमच्याच, आन शिव्या तेवढ्या मला."

"आमचा ऊस अजून गेलेला नाही," मी ठसक्यात म्हटलं.

त्या शनिवारी आईला घेऊन मी दोन लांब बांबू आणले, टोकाला बेचकं केलेले, आणि आमच्या दारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रोवून वायर त्यावर चढवली. लाल कापड बांधलं. शाळेतून आल्यावर कट्ट्यावर बसून ट्रॅक्टरवाल्यांना थांबवायला लागले. किती भरलायस रे? वर बघतोस का नाही? एक जण हसून म्हणाला, "आवं ताई, आमाला काय हौस हाय? शेतकरीच ऐकत न्हाई. भर आजून, भर आजून." मी म्हटलं, मग त्या शेतकऱ्याला माझ्याकडं पाठव. माझा असा दरारा झाला, की आमच्या दारात आले की ट्रॅक्टरवाले गाणी बंद करायचे.

जानेवारीत आमच्या उसाला कारखान्याची तोड आली. दरवर्षी बांधावर आबा उभे असायचे. तोडणीच्या टोळीला कुठून सुरू करायचं, कुठं पाणी ठेवलंय, ट्रॉली कुठं लावायची, सगळं तेच बघायचे. या वर्षी मी रजा काढली. शेवटच्या दिवशी दुपारी सगळा फड मोकळा झाला, शेवटची ट्रॉली भरली, आणि तरी खाली वीस-पंचवीस मोळ्या उरल्या. टोळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या फडात जाणार होती. एकदा गेली की एवढ्याशासाठी परत कोण येतंय? त्या मोळ्या बांधावर वाळत पडणार, आणि रोज येणारे-जाणारे विचारणार, काय, ह्या वर्षी आबा न्हाई वाटतं बांधावर?

मी म्हटलं, "दादा, एवढ्या घाला की वर."

ट्रॅक्टरवाला वर बघून म्हणाला, "लय उंच हुईल ताई. वायरी हायत."

"हळू न्या. आमच्या दारातली वायर मी बांबूनं वर धरते."

"तुमी म्हणताय म्हणून घालतो," तो म्हणाला.

मी स्कूटीवरून पुढं गेले. आमच्या दारात बांबू वर करून उभी राहिले. ट्रॉली आली, वायरीखालून सुखरूप गेली. मला कोण आनंद झाला! तो आनंद पुढच्या चौकापर्यंत टिकला. चौकात अर्ध्या गावाची वायर एका खांबावरच्या पेटीत येते. ती वायर माझ्या ध्यानातच नव्हती. आधी कडाड असा आवाज आला, मग कुत्री भुंकली, मग चौकातल्या माणसांचा गलका. मी बांबू हातात धरून तशीच उभी होते. अर्ध्या गावाचं नेट माझ्या वीस-पंचवीस मोळ्यांनी नेलं.

घरात येऊन मी सांगितलं, कुठल्या तरी ट्रॉलीनं वायर नेली. आबा स्क्रीनसमोर बसलेले होते. "कुणाची गं?" "माहीत नाही," मी म्हटलं. आता आमच्याकडं अशी रीत, की शेवटची खेप टाकून आला की ट्रॅक्टरवाल्याला घरी जेवायला घालायचं. आईनं कोंबडीचा रस्सा केला होता. तो माणूस सोप्यात मांडी घालून बसला, पहिला घास घेतला आणि आबांना म्हणाला, "म्या म्हणलं हुतं ताईस्नी, वायरी हायत. पर ताई म्हणल्या घाला, मग घातलं."

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, आईनं पाणी आणलं. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "आता शिडीवरच्या तेला काय सांगणार?" मीही हसले. श्रावणानंतर ते असे हसलेले मी पहिल्यांदा बघितले. ते हसू बघून मला बरं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण वायफायवाल्यानं आधीच सांगितलं होतं, पेटीच फुटलीय, आठ दिवस तरी धरा.

पहिल्या दिवशी आबांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं. "बघू म्हणाले."

"कवा बघणार?"

"पुढच्या महिन्यात बोलावलंय," मी म्हटलं. हे धडधडीत खोटं होतं. कुणी बोलावलेलं नव्हतं. आजपर्यंत मी 'बघू'वर टोलवत होते, त्या दिवशी मी सरळ खोटं बोलले, आणि दोन्हींत फरक आहे हे मला बोलता बोलताच कळलं.

आबा डाव्या हाताची मूठ वळून बघत होते. उघडत होते, मिटत होते. "हात तर आला," ते म्हणाले. "तिकडं एवढं चालवलं. बर्फ म्हणू नगो, घाट म्हणू नगो. शेवटाशेवटाला एक धक्का न्हाई लागू दिला." मी ताट उचललं आणि मोरीत गेले. तिथं जरा जास्तच वेळ भांडी खळखळवत बसले.

सहाव्या दिवशी चौथ्या तासाला आईचा फोन आला. वर्गात मी फोन घेत नाही, पण तो थांबेना.

"आगं, ह्यांनी जीप काढली," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्या परड्यात हुते. आवाज आला, बाहीर यीस्तवर फाटकातनं गेलं बी."

"कुठं?"

"औंधाच्या वाटंला लागलं आसतील. आजून कुठं?"

वर्ग शेजारच्या बाईंवर टाकून मी स्कूटी काढली. रस्ताभर मी काय काय बघत गेले ते सांगत नाही. राग येत होता, सगळ्यांचा. वायफायवाल्याचा, त्या खेळाचा, त्या सर्व्हरचा. एक दिवस विचारल्याशिवाय चालू झाला असता तर काय मेला असता? आणि मग स्वतःचा आला, तेव्हा मात्र स्कूटी जरा हळू झाली.

कालव्याच्या कडेच्या रस्त्याला तीन-एक मैलांवर जीप दिसली. पुढचं डावं चाक पाटाच्या चारीत उतरलेलं, गाडी तिरकी. पुढं एक उसाचा ट्रॅक्टर थांबला होता, रिकामा, कारखान्याकडून परतणारा. त्याच्या ड्रायव्हरनं जीपला साखळी लावली होती. आबा आत स्टिअरिंगवर तसेच बसलेले. अंगावर कुठं रक्त नव्हतं. मी दोनदा बघून घेतलं.

"काय झालं न्हाई ताई," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "मी समोरनं आलो, ह्यांनी गाडी बाजूला घेतली, मग गचके खात चारीत गेली. पाणी दिलंय त्यास्नी." त्यानं ट्रॅक्टर हलवला, जीप वर आली, त्यानं साखळी गोळा केली आणि आबांना हात जोडून तो गेला. मला तो कोण, कुठला, काही विचारायचं सुचलं नाही.

स्कूटी कडेला लावून मी शेजारच्या बाजूनं आत बसले. कालव्याला पाणी सुटलेलं होतं.

"लागलं का कुठं?"

"न्हाई." मग ते म्हणाले, "पाय क्लचवर हुता. मला वाटलं काढला. खाली बघितलं तर तितंच. माझाच पाय, आन मला ठावं न्हाई." त्यांनी मांडीवर हात ठेवला. "तिकडं ह्यो पाय लागतच न्हाई. तितं दोनच पेडल हायत. माझ्या ध्येनातच आलं न्हाई कवा."

मग त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

"डॉक्टर काय म्हणला हुता? खरं सांग."

मी सांगितलं. डॉक्टरांचे शब्द जसे होते तसे. हात येईल, चालतील, पायाला जाणीव नाही, गाडीचं विसरा. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. इतक्याशा गोष्टीसाठी मी बांबू रोवले होते.

"कवा म्हणला?"

"दवाखान्यातनं सोडलं त्या दिवशी."

आबांनी डावा हात वर घेतला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागले. भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पौषाच्या पेरावर थांबले.

"आईला ठावं हाय?"

"व्हय."

"तेला?" म्हणजे माझ्या भावाला.

"व्हय, आबा."

मला रडू आलं. मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. ते समोर बघत होते, कुणाला तरी आठवून बघावं तसं.

"म्या ट्रक चालवत बसायचो," ते म्हणाले, "आन तू मागं हुबी ऱ्हायची. ती च्या घिऊन यायाची. हळूच ठेवायची, माझा हात हलू नये म्हणून. तवाबी तिला ठावं हुतं."

"व्हय."

"समद्यास्नी ठावं हुतं. म्या एकटाच खरं समजून चालवत हुतो."

त्यांनी दार उघडलं. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून बाहेर ठेवला, मग उजवा, मग उतरले. बॉनेटला धरून धरून पुढून वळसा घातला. मी मदतीला उतरणार होते, त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी सरकून स्टिअरिंगवर बसले. ते माझ्या जागेवर येऊन बसले, दार ओढून घेतलं आणि नीट लागलंय का ते बघितलं.

"चल," ते म्हणाले. "जेवायची थांबली आसंल ती."